अंग आंबलंय: आज व्यायाम करायचा की सुट्टी घ्यायची?

रविवारी गड झाला, सोमवारी जरा जड वाटलं, आणि मंगळवारी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतोय. पावसाळी ट्रेक सुरू झाले की, जानेवारीत जिमची फी भरली की, नवरात्रात गरब्याची तिसरी रात्र उलटली की ही तक्रार घरोघर ऐकू येते. पाठोपाठ सल्लेही येतात. कुणी म्हणतं, "दुखतंय ना, मग आजही कर, मोकळं होईल." कुणी म्हणतं, "आठवडाभर पडून राहा." दोघंही न तपासता बोलत असतात.

दुखणं किती आहे एवढ्यावरून हा निर्णय होत नाही. ते कुठे आहे, कधी सुरू झालं, अंग गरम झाल्यावर त्याचं काय होतं आणि आज तुम्ही नेमकं काय करायला निघाला आहात, या चार गोष्टी तपासा. बहुतेक वेळा उत्तर त्यातच मिळतं.

हे दुखणं येतं कुठून

सिंहगडाला आतकरवाडीच्या वाटेनं चढा आणि वरून गाडीनं खाली या. धाप लागेल, घाम निघेल, पण दुसऱ्या दिवशी मांड्या फारशा बोलणार नाहीत. आता तीच वाट चालत उतरा. दोन दिवसांनी भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं म्हणजे शिक्षा होते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांबत असताना ब्रेकसारखा शरीराचं वजन धरून ठेवतो. हे धरून ठेवण्याचं काम सवयीचं नसेल तर स्नायूच्या तंतूंत सूक्ष्म इजा होते, मग तिथे दाह सुरू होतो, थोडी सूज येते आणि वेदना टिपणाऱ्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं लगेच येत नाही. साधारण १२ ते २४ तासांनी जाणवू लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि पाच-सात दिवसांत मावळतं.

"लॅक्टिक ॲसिड साचलंय, ते पळून काढून टाक" हे वाक्य तालमीपासून जिमपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते खरं नाही. जोरदार व्यायामात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. मंगळवारच्या दुखण्याशी त्याचा संबंध नसतो. स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे हे दुखत असावं, असं थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९०२ सालीच मांडलं होतं. तरी लॅक्टिक ॲसिडची गोष्ट काही मरत नाही.

दोन गोष्टी इथेच लक्षात घ्या, पुढचे निर्णय त्यांवर उभे आहेत. पहिली, अंग आंबलं असताना स्नायूची ताकद खरोखर कमी झालेली असते, आणि कधी कधी दुखणं थांबल्यावरही ती पूर्ण परतलेली नसते. दुसरी, जास्त दुखलं म्हणजे व्यायाम जास्त लागू पडला, असं नाही. अजिबात न दुखताही स्नायू वाढतात, आणि नुसता नवखेपणा असला तरी भरपूर दुखतं.

पायरी १: आधी डॉक्टरांकडे जायची वेळ नाही ना, ते पाहा

हे आधी घेतो, कारण इथे चुकलं तर बाकीचं वाचून उपयोग नाही.

लघवीचा रंग बघा. कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद लघवी होत असेल, स्नायू फुगून टणक झाले असतील, दुखणं सहन होत नसेल किंवा हात-पाय उचलवतच नसेल, तर व्यायाम की आराम हा प्रश्न संपला. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटले की त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. वैद्यकीय भाषेत याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही, म्हणून नुसत्या गडद लघवीलाही हलक्यात घेऊ नका. हे कुणाला होतं? पैजेखातर पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारणाऱ्याला. शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावलेल्या शाळकरी मुलाला. वर्षभर बसून असलेला आणि पहिल्याच स्पिनिंग क्लासात (जागेवरच्या सायकलच्या वर्गात) शेजारच्याशी स्पर्धा करणारा माणूस यात येतो, आणि पोलीस भरतीची १६०० मीटरची तयारी ऐन उन्हात, पाणी न पिता करणारा तरुणही. माणूस तंदुरुस्त असला तरी हे होऊ शकतं. अशा वेळी घरातली वेदनाशामक गोळी घेऊन वाट बघत बसणं सर्वांत वाईट, कारण आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात.

डॉक्टर रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, तपासतील. साध्या कसून केलेल्या व्यायामानंतरही हा आकडा बराच चढतो, म्हणून रिपोर्टचा अर्थ घरी लावू नका. जाता जाता एक उपयोगाची गोष्ट: जड वजनं उचलल्यावर यकृताच्या तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी हे आकडेही काही दिवस वाढलेले दिसू शकतात, कारण ती द्रव्यं स्नायूंतही असतात. वार्षिक तपासणी असेल तर आधीचा आठवडा जड व्यायाम टाळा, नाहीतर विनाकारण घाबरगुंडी उडते.

बाकीच्या धोक्याच्या खुणा थोडक्यात:

- छातीत दाब किंवा जडपणा, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, सोबत घाम किंवा धाप असेल. "काल बेंच प्रेस केला म्हणून दुखत असेल" असं म्हणून झोपू नका. १०८ ला फोन करा.
- एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दाबल्यावर दुखते. विशेषतः लांबच्या बस, रेल्वे किंवा विमान प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ही पोटरी चोळूसुद्धा नका.
- कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद जाणं.
- ताप. अंगदुखीला ताप जोडला गेला की ती व्यायामाची अंगदुखी राहत नाही. पावसाळ्यात डेंग्यू आणि चिकुनगुनिया आहेतच. भातखाचरात किंवा साचलेल्या पाण्यात पाय घातल्यावर काही दिवसांनी ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या-कंबर प्रचंड दुखत असतील तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यायला हवी. २००५ च्या महापुरानंतर मुंबईनं त्याची साथ पाहिली आहे. "परवा ट्रेकला गेलो होतो, त्यामुळेच पोटऱ्या धरल्यात" या समजुतीत उपचार लांबतात.

पायरी २: अंग आंबलंय की दुखापत झालीय

मी लोकांना एकच गोष्ट आधी विचारतो: कुठे दुखतं ते दाखव. माणूस तळहात मांडीवर पसरून "हे सगळं" म्हणाला, तर बहुधा आंबलेपणा. एका बोटानं "इथे, बरोबर इथे" असं दाखवलं, तर जरा थांबून विचार करावा लागतो.

आंबलेलं दुखणं स्नायूच्या मांसल भागात असतं आणि दोन्ही बाजूंनी सारखं काम केलं असेल तर दोन्ही बाजूंना असतं. बसल्या जागी फार त्रास देत नाही. हललं, ताणलं, दाबलं की बोलतं. सर्वांत पक्की खूण वेळेची. व्यायाम करताना काहीच झालं नव्हतं, दुखणं दुसऱ्या दिवशी आलं.

याउलट धावता धावता किंवा वजन उचलताना "कट्कन" झालं, चमक भरली, पुढचं पाऊल टाकता आलं नाही, नंतर काळंनिळं पडलं, तर स्नायू ताणून फाटला असण्याची शक्यता मोठी. त्याला आंबल्याचे नियम लागू नाहीत.

स्नायू हाडाला जिथे जोडला जातो तिथलं, म्हणजे स्नायूबंधाचं दुखणं जरा फसवं असतं. टाचेच्या वर, गुडघ्याच्या वाटीखाली, खांद्याच्या टोकाला, बसताना टेकणाऱ्या हाडापाशी ते येतं. सकाळी पहिली पावलं टाकताना आखडतं, हललं की कमी होतं, म्हणून माणूस "बरं झालं" समजून पूर्ण व्यायाम करतो आणि दुसऱ्या सकाळी आणखी आखडतो. आठवडे जातात. रथसप्तमीला एकदम १०८ सूर्यनमस्कार घातल्यावर मांडीची मागची बाजू आंबणं नेहमीचंच. पण दुखणं बसायच्या हाडाशी, एकाच बाजूला आणि दोन आठवडे टिकून असेल, तर पुढे वाकून ते "मोकळं" करायच्या फंदात पडू नका. जास्त ताणल्यानं ते चिघळतं.

नडगीच्या हाडावर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी दुखतंय, उडी मारली की कळ येते, आणि अंतर वाढवल्यापासून रोज थोडं वाढतंय? हाडाला ताणाची भेग पडायला लागलेली असू शकते. मॅरेथॉनच्या तयारीत एकदम किलोमीटर वाढवणाऱ्यांत हे दिसतं. धावणं बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ.

सांधा सुजला, अडकतो, निसटल्यासारखा वाटतो, तर तेही आंबणं नव्हे.

पायरी ३: किती आंबलंय, ते हालचालीवरून मोजा

शून्य ते दहा असा आकडा मनात धरा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तितकं. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. कोणी तीनलाच ओरडतो, कोणी सातपर्यंत हसत असतो. त्यापेक्षा या गोष्टी करून पाहा:

१. हात न टेकता खुर्चीवरून उठा आणि सावकाश बसा. बसताना धप्पकन पडता का?
२. पाच-सहा पायऱ्या उतरा. कठडा लागतो का? पाऊल तिरकं पडतं का?
३. घरातल्या घरात चाला आणि कुणाला तरी बघायला सांगा. लंगडताय का?
४. हात दुखत असतील तर केस विंचरा, फळीवरचा डबा काढा. हात नेहमीइतका वर जातो का?

सगळं नीट जमतं आणि आकडा तीनच्या आत आहे: व्यायामाला जायला हरकत नाही. जमतं पण वेदनेमुळे हालचाल अपुरी राहते, आकडा चार-पाच: हलका व्यायाम. लंगडता, बसताना पडता, हात वर जात नाही: त्या स्नायूला आज सुट्टी. लंगडणारा माणूस नेहमीसारखा धावूच शकत नाही. दुखरी बाजू वाचवताना तो भार गुडघ्यावर, कमरेवर किंवा दुसऱ्या पायावर टाकतो आणि आठवड्यानं नवंच दुखणं घेऊन येतो.

पायरी ४: दहा मिनिटांची चाचणी

मधल्या गटातल्यांसाठी ही चाचणी उपयोगाची आहे. दहा मिनिटं अगदी सोपी हालचाल करा. सपाट रस्त्यावर चाला, सायकल हलक्या गिअरवर मारा, खांद्यांसाठी हात मोकळे फिरवा. वेग असा की सोबत्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता याव्यात.

दुखणं कमी झालं, पाय सुटे झाले तर ठरवलेला व्यायाम सुरू करा, पण साधारण निम्म्यावर. तेवढंच राहिलं तर ही हलकी हालचालच आजचा व्यायाम समजा, अजून दहा-वीस मिनिटं करा आणि घरी जा. वाढलं, टोचायला लागलं, एका जागी गोळा झालं तर तिथेच थांबा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. अंग गरम झाल्यावर दुखणं कमी होतं, पण तो आराम तात्पुरता असतो. स्नायू दुरुस्त झाला असा त्याचा अर्थ नाही. म्हणूनच "आता अजिबात दुखत नाही" या भरात पूर्ण वजन उचलायचं नाही.

खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. दुखणं कालच्याइतकंच किंवा कमी असेल तर काल केलं ते योग्य होतं. स्पष्ट वाढलं असेल तर काल जास्त झालं, आज सुट्टी. भौतिकोपचारतज्ज्ञही दुखापतीनंतर भार वाढवताना हा चोवीस तासांचा हिशेब वापरतात, आणि मला वाटतं घरच्या घरी वापरायला याहून चांगलं माप नाही.

पायरी ५: आज काय करायला निघाला आहात?

एकाच आंबलेल्या मांडीला चार वेगवेगळ्या दिवशी चार वेगळी उत्तरं असू शकतात.

जिम. पाय आंबलेत तर आज खांदे, पाठ, छाती करा. पायांना सुट्टी मिळते आणि तुमचा दिवसही चुकत नाही. सगळंच अंग आंबलं असेल, म्हणजे पहिल्या दिवशी ट्रेनरनं सगळी यंत्रं फिरवून आणली असतील, तर अर्धा तास चालून या. त्याच स्नायूचा व्यायाम करायचाच असेल तर वजन निम्मं, सेट कमी, आणि वजन सावकाश खाली सोडण्याचा भाग आज फार लांबवू नका; दुखणं त्यातूनच येतं. आज स्वतःचा विक्रम मोडायचा नाही. ताकद कमी झालेली असते आणि सांधा कुठल्या कोनात आहे याचा अंदाजही या काळात थोडा चुकतो.

धावणं. हलकी, छोटी, सपाट धाव चालेल. उतार नको, वेगाच्या फेऱ्या नकोत. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या शर्यतीत पहिला निम्मा भाग यवतेश्वरच्या बाजूला चढ आणि उरलेला उतार असतो. तिथून आलेल्यांच्या मांड्या सपाट शर्यतीपेक्षा जास्त धरतात, त्यामुळे "नेहमी तीन दिवसांनी धावतो" हा हिशेब त्या आठवड्यात लावू नका.

गड. शनिवारी एक आणि रविवारी दुसरा असा बेत असला की लोक चढाचाच विचार करतात. आंबलेल्या पायांनी चढता येतं. गोची होते उतरताना, मुरमाच्या घसाऱ्यावर किंवा शेवाळलेल्या कातळावर, जेव्हा पाय धरायला हवा तेव्हा तो धरत नाही. कळसूबाईच्या शिड्यांवर किमान हाताला आधार असतो. उघड्या कड्याच्या वाटेवर तोही नसतो. पायरी ३ मधली खुर्चीची चाचणी रविवारी पहाटे जमली नाही तर कड्याच्या वाटेचा बेत रद्द करून पायथ्याची लेणी, देवराई बघून या. जायचंच असेल तर दोन काठ्या न्या, उतरताना त्या बराच भार घेतात.

योगासनं. सावकाश, वेदनेच्या अलीकडे थांबत. दुखऱ्या स्नायूला कुणी मागून दाब देऊन ताणत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

गरबा. इथे नऊ रात्रींचा प्रश्न असतो आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री दुखणं टोकाला जातं. पहिल्या दोन रात्री निम्मा वेळच नाचलात तर पुढच्या सात मिळतात. खाली बसून घेतलेल्या गिरक्या आणि उड्या मधल्या दिवसांत सोडा, साध्या टाळीवर फेर धरा. अनवाणी असाल तर पोटरी आणि टाच जास्त बोलतात. झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच, दुपारी तासभर तरी झोपा.

वारीत थांबायची सोय नसते. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर, रोज मुक्काम ते मुक्काम. तरी हजारो साठीतली माणसं ती करतात, कारण वाट बरीचशी सपाट आहे, चाल संथ आहे आणि रोजचा भार बहुतांशी सारखा आहे. पहिल्या चार दिवसांत पाय धरतात आणि मग सुटतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं पोटऱ्यांना घाबरू नये. पायाला आलेले फोड, एका जागी ठणकणारं हाड आणि उन्हात बंद झालेला घाम यांना घाबरावं. दिंडीसोबत वैद्यकीय पथकं असतात, त्यांना दाखवायला लाजू नका.

सुट्टी म्हणजे पलंग नव्हे

त्या स्नायूला सुट्टी द्यायची असली तरी दिवसभर लोळून राहिलात तर संध्याकाळी जास्त आखडाल. दर तास-दीड तासानं उठून घरात फेरी मारा, भाजी आणायला चालत जा. पोहणं किंवा पाण्यात चालणं उत्तम, जिथे सोय आहे तिथे. पूर्ण आराम दोन वेळी: ताप असेल तेव्हा, आणि पायरी १ मधलं काही असेल तेव्हा.

उपाय: कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

मालिश. कोल्हापूरच्या तालमींत पहिलवान एकमेकांचं अंग रगडतात, त्यात तथ्य आहे. आंबल्यावर मालिशनं दुखणं काहीसं कमी होतं, असं अभ्यासांतही दिसलं आहे. तेल कोणतंही चालेल. मात्र पहिल्या दोन दिवसांत कोपर रुतवून केलेली रगड नको, आणि फाटलेल्या स्नायूवर तर मुळीच नको.

स्ट्रेचिंग. व्यायामाआधी किंवा नंतर ताणल्यानं आंबणं टळतं हा समज फार पक्का आहे. वैद्यकीय अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०११ साली १२ अभ्यास एकत्र तपासले. फरक इतका किरकोळ होता की रोजच्या जगण्यात जाणवू नये. लवचिकतेसाठी करा, बरं वाटतं म्हणून करा, आंबणं टाळण्यासाठी वेळ घालवू नका.

शेक आणि बर्फ. गरम पाण्याच्या पिशवीनं आराम पडतो, हरकत नाही. ताज्या, सुजलेल्या दुखापतीवर मात्र शेक देऊ नका. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पिशवी पायाला लावू नये. भाजलेलं कळत नाही. थंड पाण्यात बसल्यानं दुखणं कमी होऊ शकतं, पण ताकद वाढवण्यासाठी जिमला जाणाऱ्यांनी प्रत्येक वेळी बर्फात बसणं टाळावं, त्यानं स्नायू वाढण्यात अडथळा येतो असं दिसलं आहे.

गोळ्या. एखाद्या रात्री झोपच लागत नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. व्यायामाला जाता यावं म्हणून आधी गोळी घेणं ही मला सर्वांत वाईट सवय वाटते, कारण थांबायचा इशारा तुम्ही स्वतःच बंद करता. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या एका अभ्यासात तरुणांनी आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन घेत पायांचा व्यायाम केला. ॲस्पिरिनचा लहान डोस घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे स्नायू कमी वाढले. शरीरात पाणी कमी असताना, उन्हात, या गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडतात ते वर आलंच आहे.

जेवण आणि झोप. भारतीय प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) शिफारस आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. नियमित जोरकस व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात, यावरून आपलं ताट कुठे आहे ते पाहा. वरण, उसळ, दही, पनीर, मासे यांतून हे जमतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या. त्यानं सकाळपर्यंत मांड्या सुटतील ही अपेक्षा नको.

ज्यांना हे नियम जरा घट्ट लावावे लागतात

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना कधी कधी त्या गोळ्यांनीच दोन्ही मांड्या, खांदे दुखतात. व्यायाम न वाढवता असं दुखू लागलं तर डॉक्टरांना सांगा, पण गोळी मनानं बंद करू नका. ड जीवनसत्त्व खूप कमी असेल तरी अंग सतत दुखतं आणि जिना चढताना मांड्यांत ताकद नसते. अशा वेळी व्यायामाला दोष दिला जातो. साठीनंतर स्नायू सुटायला एखाद-दोन दिवस जास्त धरा, मात्र रोजचं चालणं सोडू नका. डेंग्यूसारख्या तापातून उठल्यावर पहिले काही दिवस घरातल्या घरात चालणं पुरे. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच मैदान.

पुढच्या वेळी एवढं दुखू नये म्हणून

दर रविवारी सिंहगड करणाऱ्याचे पाय मंगळवारी धरत नाहीत. एकदा उतरण्याचं काम केलं की स्नायू त्याला तयार होतो आणि पुढच्या वेळी त्याच कामानं कितीतरी कमी दुखतं. हे संरक्षण काही आठवडे, कधी काही महिने टिकतं. गंमत म्हणजे ते मिळवायला पहिल्या वेळी मरेस्तोवर करावं लागत नाही, थोडक्या कामानंही मिळतं.

म्हणून ट्रेकच्या तीन आठवडे आधी जिन्यावर सराव करा, तोही नेहमीच्या सल्ल्याच्या उलटा: लिफ्टनं वर, जिन्यानं खाली. पहिल्या आठवड्यात दोन दिवस, पाच-सहा मजले, दोन फेऱ्या. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार फेऱ्या. तिसऱ्या आठवड्यात पाठीवर ट्रेकची सॅक घेऊन. चढण्याचा दमसास वेगळा कमवावा लागेल, तो चढूनच येतो, पण मंगळवारचं दुखणं या उतरण्यानं टळतं. गुडघे आधीपासून दुखत असतील तर फेऱ्या निम्म्या करा आणि कठडा धरून उतरा.

जिममध्ये पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, हलक्या वजनावर. "अजून खूप करता आलं असतं" असं वाटत असताना घरी जायचं. ट्रेनर हसला तर हसू दे. बैठकांचंही तसंच: पहिल्या दिवशी पंधरा-वीस, मग एक दिवस सोडून थोड्या वाढवत.

मधे दोन-तीन महिन्यांचा खंड पडला असेल, परीक्षा, लग्न, आजारपण काहीही असो, तर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. पुन्हा एक सेट, दोन फेऱ्या इथूनच चढा. आणि सगळं नीट सांभाळूनही सातव्या दिवशी दुखणं तसंच असेल, तर आठव्या दिवशी मालिशवाल्याकडे न जाता डॉक्टरांकडे किंवा भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जा.